ओळखणारे आवाज : नव्या कराराच्या नाट्यरूप मराठी ध्वनिमुद्रणाचे परीक्षण

नव्या कराराचे, म्हणजे बायबलच्या येशू आणि त्याच्या शिष्यांविषयीच्या दुसऱ्या भागाचे, नाट्यरूप मराठी ध्वनिमुद्रण सध्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत या हातातून त्या हातात फिरत आहे. पेनड्राइव्ह आणि मोबाइलवरचे ॲप अशा दोन्ही रूपांत ते मिळते, किंमत एखाद्या मध्यम जाडीच्या पुस्तकाएवढी आहे, आणि बारीक टाइप वाचणे ज्यांना आता जमत नाही अशा वयस्कर श्रोत्यांसाठी ते काढले आहे, असे वेष्टनावर म्हटले आहे. काढणारी संस्था लहान आणि कलाकार बहुतेक हौशी असल्याने तिचे नाव घेऊन दोष काढत बसण्यापेक्षा कामाविषयीच बोललेले बरे. संपूर्ण संचाचे परीक्षण एका लेखात मावणार नाही, त्यामुळे मी एकच कसोटी लावून तो ऐकला : अशुद्ध आत्मे येशूला ओळखतात आणि त्याच्या अधिकारापुढे नमतात, ते प्रसंग यात कसे उतरले आहेत?

ही कसोटी विक्षिप्त वाटेल, पण ती निवडण्याला कारण आहे. छापील मजकूर वाचताना भुताचा आवाज कसा होता हा प्रश्न वाचकाला टाळता येतो. ध्वनिमुद्रण करणाऱ्याला तो टाळता येत नाही. शिवाय मार्काच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे चरित्र सांगणाऱ्या नव्या करारातल्या चार पुस्तकांपैकी एकात, हे आवाज केवळ भयासाठी आलेले नाहीत. येशू कोण आहे हे मार्क वाचकाला पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, बाप्तिस्म्याच्या वेळी आकाशवाणीही होते, पण कथेतल्या माणसांना मात्र ते उमगत नाही. पापांची क्षमा करणारा हा कोण, असे शास्त्री मनात म्हणतात. नासरेथकरांना तो गावचा सुतार वाटतो. हेरोद राजाला तो मेलेला बाप्तिस्मा करणारा योहान परत आल्यासारखा वाटतो. त्याचा शिष्य पेत्र त्याला ख्रिस्त म्हणतो ते आठव्या अध्यायात, आणि ‘देवाचा पुत्र’ हे शब्द माणसाच्या तोंडून येतात ते थेट पंधराव्या अध्यायात, वधस्तंभासमोर उभ्या असलेल्या रोमी शताधिपतीच्या तोंडून. तोवर त्याला बिनचूक ओळखणारे कोण, तर ज्यांना तो हाकलून लावतो ते. म्हणजे कथेतली सर्वांत खरी माहिती लेखकाने सर्वांत नकोशा साक्षीदारांकडे सोपवली आहे, आणि नटाने ती किंकाळीत बुडवली तर श्रोत्याच्या हातून कथेचा धागाच सुटतो.

मार्काच्या पहिल्या अध्यायातला कफर्णहूम गावचा प्रसंग या दृष्टीने उत्तम साधला आहे. शब्बाथाचा म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीचा दिवस, त्यांच्या सभास्थानात येशू शिकवीत आहे, आणि पार्श्वभूमीला केवळ माणसांची दबकी कुजबुज. त्या कुजबुजीतूनच एक आवाज वर येतो. तो राक्षसी नाही, घोगरा नाही. घाबरलेल्या, कोंडीत सापडलेल्या माणसाचा आहे. आमच्याशी तुझा काय संबंध, आमचा नाश करायला आलास काय, असे तो विचारतो, आणि लगेच, तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, देवाचा पवित्र तो तूच, असे सांगून मोकळा होतो. एकाच दमात ‘आम्ही’ आणि ‘मी’ दोन्ही येतात, आणि नटाने दोन्हींमध्ये श्वास न घेता ते म्हटले आहे. जुना करार ज्यांच्या कानांत आहे त्यांना येथे सारफथच्या विधवेची आठवण होईल. मुलगा मरण पावल्यावर तीही एलीया संदेष्ट्याला जवळपास अशाच शब्दांत विचारते, की हे देवमाणसा, तुझा माझा काय संबंध, तू माझ्या मुलाचा जीव घ्यायला आलास काय? पवित्र माणूस दाराशी आला की आपले काही खरे नाही, हे जाणणाऱ्याचे ते बोलणे आहे. या नटाने नेमका तो सूर पकडला आहे, मग तो अभ्यासाने असो की उपजत जाणिवेने.

त्यानंतर येशूचा हुकूम येतो, आणि तो दोनच कलमांचा आहे : गप्प राहा, आणि याच्यातून नीघ. येथे घुमणारा प्रतिध्वनी नाही, वाद्य नाही, आवाज चढवलेला नाही. नट ते वाक्य खालच्या पट्टीत म्हणतो आणि थांबतो. मजकुराचे खरे बळ या आखडतेपणात आहे. येशू कोणाची शपथ घालत नाही, कोणत्या थोर नावाचा हवाला देत नाही, हातात काही घेत नाही. लोक थक्क होतात तेही भूत निघाले एवढ्यासाठी नाही. हा अधिकाराने आज्ञा करतो आणि ती पाळली जाते, याचे त्यांना नवल वाटते. शेवटची किंकाळी आहे, ती मजकुरातही आहे, आणि येथे ती तेवढीच आणि क्षणभरच वाजते.

खरे बोलणाऱ्याला येशू गप्प का बसवतो, हा प्रश्न ऐकताना वाचनापेक्षा जास्त टोचतो. लूक आपल्या शुभवर्तमानात त्याचे कारण देऊन ठेवतो : तो ख्रिस्त आहे हे त्यांना ठाऊक होते, म्हणून तो त्यांना बोलू देत नसे. म्हणजे साक्ष खोटी म्हणून नव्हे, तर खरी असूनही ती रोखली जाते. जर्मन अभ्यासक विल्यम व्रेडे यांनी १९०१ साली मार्कातील या गुप्ततेवर बोट ठेवले, आणि तेव्हापासून त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला स्वतःला यात गूढ कमी आणि शिस्त जास्त दिसते. कोणाच्या तोंडून आपली ओळख व्हावी, आणि केव्हा व्हावी, हेही तोच ठरवतो. ध्वनिमुद्रणात तो हुकूम भुताचे बोलणे पुरते संपण्याआधीच कापत येतो. दिग्दर्शकाने हे जाणून केले असेल तर त्याला दाद दिली पाहिजे.

आता तक्रारींकडे वळू. संचातील प्रत्येक अध्याय ही स्वतंत्र फाइल आहे, आणि प्रत्येक फाइलच्या अखेरीस बासरीची तीच धून आणि पुढच्या अध्यायाची घोषणा येते. बहुतेक ठिकाणी त्याने बिघडत नाही, पण मार्काच्या चौथ्या आणि पाचव्या अध्यायांच्या सांध्यावर फार बिघडते. चौथ्याच्या अखेरीस येशू वाऱ्याला धमकावतो आणि समुद्राला गप्प करतो, अगदी कफर्णहूमच्या भुताला केले तसेच. नावेतले शिष्य भेदरून एकमेकांना विचारतात, की वारा आणि समुद्रही याचे ऐकतात, असा हा आहे तरी कोण? या प्रश्नाचे उत्तर नावेत कोणी देत नाही. नाव पैलतीराला लागते, थडग्यांतून एक माणूस धावत येतो, आणि उत्तर तो देतो : येशू, परात्पर देवाचा पुत्र. प्रश्न शिष्यांचा, उत्तर भुताचे. मार्काने हे दोन प्रसंग शेजारी ठेवले आहेत, त्यांच्यामधली अध्यायाची भिंत तेराव्या शतकातली आहे, आणि त्या भिंतीवर आता बासरी बसवली आहे. घरी ऐकणाऱ्यांनी निदान या एका ठिकाणी पुढची फाइल आधीच लावण्याच्या तयारीत राहावे.

त्या पैलतीरावरचा, म्हणजे गरसेकरांच्या प्रांतातला, प्रसंग ही या संचाची खरी परीक्षा होती, आणि येथे निर्मात्यांचा तोल गेला आहे. सुरुवातीलाच घुबडांचे घूत्कार, वटवाघळांची फडफड, कोठेतरी करकरणारे दार. थडग्यांच्या रानात दार कोठून आले, हे विचारू नये. प्रसंग रात्रीचा आहे असे त्यांनी गृहीत धरले आहे. पण तो माणूस येशूला दुरून पाहतो, डोंगरालगत डुकरांचा मोठा कळप चरत आहे, राखणारे शुद्धीवर आहेत, म्हणजे चांगला उजेड असला पाहिजे. याहून मोठा दोष म्हणजे ते हास्य. भूतबाधा झालेल्या माणसाला येथे चित्रपटातल्या खलनायकासारखे गडगडाटी हसायला लावले आहे. मार्काच्या संपूर्ण शुभवर्तमानात एकही भूत हसत नाही. ते ओरडतात, पाया पडतात, विनवतात. हा माणूस रात्रंदिवस आक्रोश करीत होता आणि स्वतःला दगडांनी ठेचून घेत होता. येशू दिसताच तो धावत येऊन पुढ्यात पडतो. यात हसण्याला जागा कोठे आहे?

त्या हास्याखाली एक फार तीक्ष्ण वाक्य चिरडले गेले आहे. मला छळू नकोस, असे तो येशूला देवाची शपथ घालून सांगतो. एरवी भूत काढणारा भुताला शपथ घालतो. येथे भूतच ते हत्यार उचलून देवाच्या पुत्रावर देवाचीच शपथ चालवू पाहते. या उपरोधावर श्रोत्याने क्षणभर थांबायला हवे होते. नटाला थांबू दिले असते तर ते सहज साधले असते, कारण त्याचा आवाज चांगला आहे. पण ढोल आणि झांजा त्याला थांबू देत नाहीत.

त्यानंतरचा भाग मात्र पुन्हा सावरला आहे. येशू नाव विचारतो आणि उत्तर येते, की माझे नाव सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. ‘सैन्य’ म्हणजे रोमी लष्कराची पाच-सहा हजारांची तुकडी, आणि त्या काळी त्या मुलखात हा शब्द ऐकताच लोकांच्या पोटात गोळा येत असणार. ध्वनिसंयोजकाने येथे एका आवाजावर दुसरा, तिसरा असे थर चढवीत नेले आहेत, त्यामुळे ‘माझे’ म्हणणारा एक असतो आणि ‘आम्ही’ म्हणेपर्यंत त्याचा जमाव झालेला असतो. संपूर्ण संचात ध्वनितंत्र मजकुराच्या आज्ञेत राहिले आहे असे हे एक ठिकाण. लगेच पुढे सुमारे दोन हजार डुकरे कड्यावरून समुद्रात जातात, आणि मार्काने एका वाक्यात उरकलेली ती गोष्ट येथे चीत्कारांसह लांबत लांबत जाते. लहान मुले घरात असतील तर आवाज कमी करावा.

बरा झालेला माणूस कपडे घालून, शुद्धीवर येऊन बसलेला गावकऱ्यांना दिसतो, आणि या वेळी त्याला आवाज त्याच नटाचा आहे. ही निवड फार मोलाची आहे. तोच गळा, पण आता त्यात एकच माणूस राहतो. या प्रसंगात विनंत्यांची एक रांग आहे, ती ऐकताना जितकी ठसते तितकी वाचताना ठसत नाही. भुते विनवतात, की आम्हाला या प्रांताबाहेर पाठवू नकोस, डुकरांत जाऊ दे. त्यांना डुकरांत जाऊ दिले जाते. गावकरी विनवतात, की आमच्या सीमेतून निघून जा. तेही मान्य होते, येशू नावेत चढतो. बरा झालेला माणूस विनवतो, की मला तुझ्याबरोबर येऊ दे, आणि नकार मिळतो तो नेमका त्याला. घरी जा आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केले ते आपल्या माणसांना सांग, असे सांगून येशू त्याला माघारी पाठवतो, आणि तो दकापलीस या दहा नगरांच्या मुलखात सर्वत्र सांगत सुटतो. कफर्णहूमच्या भुताला गप्प बसवणारा येशू येथे सुटलेल्या माणसाला मात्र बोलायला लावतो. गावकऱ्यांची भीतीही कलाकारांनी छान पकडली आहे : ओरडा नाही, हात जोडून केलेली अजिजी आहे, आणि म्हणूनच ती जास्त बोचते.

हाच प्रसंग मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे, आणि तेथे बाधा झालेली माणसे दोन आहेत. वेळ येण्यापूर्वीच आम्हाला छळायला आलास काय, असा त्यांचा प्रश्न आहे. म्हणजे आपली वेळ ठरलेली आहे आणि ती कोणाच्या हाती आहे, हेही त्यांना ठाऊक आहे. या संचात दोघांचे बोलणे एकट्या नटाकडून उरकून घेतले आहे. हा निव्वळ आळस आहे.

महाराष्ट्रातल्या श्रोत्यासाठी येथे एक वेगळी अडचण उभी राहते, आणि तिचा विचार निर्मात्यांनी केलेला दिसत नाही. अंगात आलेल्या माणसाला देवऋषी विचारतो, तू कोण, कुठला, याला का धरलेस, काय घेऊन सोडशील? हे ज्यांनी लहानपणी पाहिले आहे त्यांच्या कानाला ‘तुझे नाव काय’ हा येशूचा प्रश्न त्याच देवाणघेवाणीतला वाटू शकतो, आणि वर ढोल वाजत असेल तर वाटणारच. मजकूर मात्र त्याच्या उलट दिशेला जातो. लिंबू नाही, अंगारा नाही, धुरी नाही, फटका नाही. त्या माणसाला बेड्या आणि साखळदंड घालणारे गावकरी होते, आणि ते साखळदंड तुटले. येशू त्याच्या अंगाला हातही लावत नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधून ठेवणे, काठीने किंवा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि प्रार्थनेच्या नावाने केले म्हणून तो गुन्हा राहत नाही असे मुळीच नाही. झटके येणाऱ्या किंवा मन बिघडलेल्या माणसाला डॉक्टरकडे नेण्याआधी कोणी हे ध्वनिमुद्रण त्याच्या उशाशी लावू नये, अशी अर्ध्या मिनिटाची सूचना फाइलच्या आरंभी देता आली असती. ती द्यायलाच हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

मार्काच्या सातव्या अध्यायातल्या सुरफुनीकी (परजातीय) बाईच्या भूतबाधा झालेल्या मुलीविषयी फार लिहिण्यासारखे नाही, कारण तेथे भूत बोलतच नाही. मुलगी घरी आहे, येशू दूर आहे, आई परत जाते तेव्हा मुलगी बिछान्यावर शांत पडलेली असते. आणि ऐकायला हा भाग फार सुंदर आहे. नवव्या अध्यायातल्या मुलाच्या बाबतीत मात्र गडबड झाली आहे. त्याच्यातला आत्मा मुका आणि बहिरा आहे, असे मजकूर स्पष्ट सांगतो, आणि तो ओरडतो ते निघताना. येथे मात्र तो पहिल्यापासून गुरगुरत राहतो, आणि त्या गुरगुरीखाली बापाची ती कासावीस आर्जवे, की माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाक, अर्धवट ऐकू येतात. ज्याला बोलता येत नाही त्याला आवाज दिला, आणि ज्याचे बोलणे ऐकायचे होते त्याला झाकले.

मराठीत ख्रिस्तकथा कानांनी घेण्याची रीत जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध पुराण १६१६ साली गोव्यात रायतूरला छापले गेले आणि ते ख्रिस्ती देवळांतून वाचून दाखवले जाई; पुढे नारायण वामन टिळकांनी कीर्तनाची वाट धरली. एकटा कीर्तनकार मान किंचित वळवून, सूर जरासा बदलून राजा होतो, भिकारी होतो, देवही होतो, आणि श्रोत्यांना कधी गोंधळल्यासारखे होत नाही. आपल्या श्रोत्यांचे कान इतके तयार आहेत, हे निर्मात्यांनी ध्यानात घेतले असते तर अर्धी वाद्ये वाचली असती.

‘प्रेषितांची कृत्ये’ या येशूनंतरच्या प्रचारकांची हकिकत सांगणाऱ्या पुस्तकावर काम करणारा चमू वेगळा असावा, कारण तेथे हे भान पुरेपूर आहे. फिलिप्पै शहरातली दासी, जिच्या भविष्यकथनावर तिचे धनी पैसा कमावतात, पौल आणि सीला या प्रचारकांच्या मागे पुष्कळ दिवस ओरडत फिरते, की हे परात्पर देवाचे दास आहेत आणि तुम्हाला तारणाचा मार्ग सांगत आहेत. यात खोटे काय आहे? काहीच नाही. दिग्दर्शकाने तिला एका थकलेल्या पोरीचा आवाज दिला आहे, आणि बाजाराच्या गलबल्यात तेच वाक्य त्याच सुरात पुन्हा पुन्हा येत राहते. तिसऱ्या वेळेपर्यंत पौलाइतकेच आपणही कावतो. पौल वळतो आणि आत्म्याला येशू ख्रिस्ताच्या नावाने निघायला सांगतो. येशू स्वतःच्या अधिकाराने आज्ञा करीत असे, पौलाला नाव घ्यावे लागते. तो फरक नटाच्या आवाजातल्या बेताच्या जोरातून कळतो. मग एक लहानशी शांतता, आणि तिच्यात धन्यांच्या लक्षात येते, की आपली मिळकत बुडाली. त्यांचा संताप, अधिकाऱ्यांपुढची खोटी देशभक्ती, फटके, तुरुंग हे सगळे वेगाने आणि नेमके येते. संपूर्ण संचातला हा सर्वांत चांगला भाग आहे.

इफिस शहरातला स्किवा नावाच्या याजकाच्या सात मुलांचा प्रसंगही तितकाच जमला आहे. पौल ज्याची घोषणा करतो त्या येशूची शपथ तुम्हाला घालतो, असे म्हणून हे मांत्रिक उसन्या नावावर काम भागवू पाहतात. उत्तर देणारा आत्मा येथे गुरगुरत नाही. येशूला मी ओळखतो, पौल कोण तेही मला माहीत आहे, पण तुम्ही कोण, असे तो कचेरीच्या खिडकीमागून कागद मागणाऱ्या कारकुनाच्या कोरड्या सुरात विचारतो, आणि त्या कोरडेपणानेच हसूही येते आणि काटाही येतो. पुढची मारामारी आणि त्यांचे उघडेनागडे पळणे थोडक्यात आटोपले आहे. त्यानंतर लोक जादूच्या पोथ्या आणून जाळतात, ज्यांची किंमत चांदीची ५० हजार नाणी भरली. तेथे केवळ ज्वाळांचा आवाज आहे, आणि तेवढा पुरेसा आहे.

नव्या करारातली पत्रे एकाच निवेदिकेने वाचली आहेत. याकोबाच्या पत्रात ती त्या प्रसिद्ध टोमण्याशी येते, की देव एक आहे असा तू विश्वास धरतोस, बरे करतोस. भुतेही तसाच विश्वास धरतात आणि थरथर कापतात. ‘बरे करतोस’ हे शब्द ती इतक्या गोड आवाजात म्हणते की ऐकणारा अंमळ सुखावतो आणि पुढच्याच क्षणी सापडतो. ओळखणे आणि शरण जाणे यांतले जे अंतर शुभवर्तमानांत मोठ्या प्रसंगांतून दिसते, ते या बाईंनी ढोल न वाजवता ऐकवले आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात भूत काढण्याचा एकही प्रसंग नाही, आणि कदाचित त्यामुळेच त्याचे ध्वनिमुद्रण सर्वांत स्वच्छ झाले आहे. ज्यांना नाट्य नको, केवळ मजकूर हवा, त्यांनी तेथून सुरुवात करावी.

पेनड्राइव्हवरच्या फाइली नीट क्रमाने लागतात आणि टीव्हीवर किंवा साध्या स्पीकरवरही चालतात. ॲपमध्ये अध्याय शोधणे सोपे आहे, पण ओवी क्रमांकाने थेट ओळीवर जाता येत नाही, त्यामुळे अभ्यासवर्गात एखादे वाक्य पुन्हा ऐकवायचे तर बोटाने मागेपुढे सरकवत बसावे लागते. मुख्य अडचण आवाजाच्या पातळीची आहे : निवेदन हळू आणि किंकाळ्या मोठ्या, म्हणून म्हाताऱ्या माणसांना कफर्णहूमसाठी आवाज वाढवावा लागतो आणि गरसेकरांच्या प्रांतात पोहोचताच दचकून तो उतरवावा लागतो. ॲपमध्ये वेग वाढवण्याची सोय आहे, ती वापरू नये. त्या हुकुमांनंतरचे थांबे त्यात नाहीसे होतात. प्रेषितांची कृत्ये आणि मार्काचे पहिले चार अध्याय यांसाठी संच जरूर घ्यावा, आणि पार्श्वसंगीत बंद करण्याचे एक बटण पुढच्या आवृत्तीत द्यावे, असे घेणाऱ्या प्रत्येकाने संस्थेला कळवावे. प्रतिसादासाठीचा क्रमांक वेष्टनाच्या आतल्या बाजूला छापलेला आहे.